वडाचा उपयोग

दोन्ही चिंचा गेल्या त्या पुंजाराम मास्तर खरं बोलले म्हणून.

महिन्याखाली कुंडलिका नदीच्या काठावर एक पेशकार, म्हणजे सरकारी कारकून, आला होता. वही उघडून त्याने विचारलं, "इथं येऊन तुम्ही लोक काय करता?"

मास्तरांनी विचार केला आणि सांगितलं, "बसतो. बरं वाटतं."

पेशकाराने चिंचांपुढे 'निकामी' असं लिहिलं. आठव्या दिवशी करवती आल्या.

आता मस्तगडाच्या बाजूने काठावर एवढा वडच उरला होता. आणि आज पेशकार परत आला होता, या खेपेला मोजायची फीत घेऊन.

मास्तर वडाखाली अखबार वाचून दाखवत होते. परतूरजवळ मालगाडी लुटणाऱ्या दोघांच्या खटल्याचा निकाल लागला होता. निकाल काय, तिथपर्यंत ते पोचणार तेवढ्यात चतुराबाईने अखबार त्यांच्या हातातून काढून घेतला.

"मास्तर, आज तुमी तोंड उघडायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

चतुराबाई वीस वर्षं या वडाखाली फुटाणे विकत होती. फुटाणे कुठेही विकता आले असते. पण तिची लेक सगुणा लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला माहेरी येणार होती, आणि झोका याच फांदीला बांधायचा हे ती आठव्या वर्षापासून सांगत आली होती. पंचमीला नऊ दिवस होते. करवतींना आठ पुरतात.

"मंग बोलायचं कुणी?" मास्तरांनी विचारलं.

"म्हस्कू बोलंल."

म्हस्कू मेंढरं घेऊन रोज पाण्यावर यायचा. स्वतःच्या मेंढरांची संख्यासुद्धा त्याने कधी कुणाला खरी सांगितली नव्हती. या कामाला तोच बरा होता.

"रोज किती लोक येतात?" पेशकाराने विचारलं.

"हजार."

पेशकाराने मान न हलवता नुसते डोळे फिरवले. झाडाखाली तीन माणसं आणि एक बोकड होता.

"बाजाराच्या दिवशी," म्हस्कू म्हणाला.

"पलीकडच्या काठावरून झाड बराबर दिसतं?"

"दिसतं म्हंजे! पलीकडं बायामाणसं उभी राहून नुसती बघत ऱ्हातेत."

पेशकार लिहीत गेला. तो हसत नव्हता. नदीला गढूळ पाणी आलं होतं, पार पहिल्या पायरीपर्यंत. तिकडेही तो बघत नव्हता. इथे येऊन पाण्याकडे न बघणारा माणूस चतुराबाईने पहिल्यांदाच पाहिला. तोडलेल्या चिंचांच्या बुंध्यांजवळ मेंढरं जात नव्हती, आणि आज ती पेशकाराच्याही जवळ जात नव्हती.

"सगळ्यात जास्त लोक कधी?"

"पंचमीला," चतुराबाई मधेच बोलली. "त्या दिवशी चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई, तवा ठेवायचा न्हाई. मंग घरी बसून करायचं काय? सारं गाव हितं असतंय, मालक."

"सारं गाव?" पेशकाराने त्या शब्दांखाली रेघ ओढली. "आणि ही आडवी फांदी? हिचा काय उपयोग?"

"ही झोक्याची! दोघी दोघी बसतेत. मी नवरी होते तव्हापासून बघून राह्यले, कधी कुरकुरली न्हाई."

"दोघी? एकदम?"

"एकदम. बघायचं का?"

म्हस्कूने दोर टाकला, गाठ मारली आणि फळीवर बसला. शेजारी मास्तरांना बसवलं. मास्तरांना नाही म्हणता आलं नाही, कारण तोंड उघडायची परवानगी नव्हती. चतुराबाईने मागून ढकललं. एक धनगर आणि एक मास्तर पाण्यावर जाऊन परत आले. फांदी हू की चू करेना.

"वजन?" पेशकाराने विचारलं.

"अडतीच्या काट्यावर बसल्तो मागं. दोन मण दहा शेर," म्हस्कू म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो खरं बोलला असावा.

पेशकाराने जमिनीपासून फांदीपर्यंत फीत धरली. मग बोट वर करून विचारलं, "दोर सरकत नाही?"

"साठ वर्षांची खाच पडलीय तिथं, मालक. दोर जागचा हालत न्हाई," चतुराबाई म्हणाली.

पेशकाराने वही मिटली. "बहोत काम का झाड है," तो स्वतःशीच म्हणाला, आणि मराठीत मोठ्याने, "तुटणार नाही."

चतुराबाईने त्याच्या ओंजळीत फुटाणे ओतले. ते त्याने तसेच धरून ठेवले आणि तसाच निघून गेला. एकही तोंडात टाकला नाही.

"बगा मास्तर," म्हस्कू म्हणाला, "जागेची किंमत अशी सांगावी लागती. म्हणे, बरं वाटतं!"

पंचमीच्या आदल्या दिवशी सगुणा आली. हातावर मेंदी, अंगावर नवी चोळी. आल्या आल्या ती नदीवरच गेली. म्हस्कूने नवा दोर बांधून ठेवलाच होता. उन्हं उतरली तेव्हा अर्धं मस्तगड काठावर होतं.

तेवढ्यात एक चपराशी आला, वडाच्या बुंध्याला उर्दूतला एक कागद ठोकला, आणि कुणाशी न बोलता निघून गेला. उर्दू येत होतं फक्त मास्तरांना.

"वाचा मास्तर," चतुराबाई म्हणाली. "आता उघडा तोंड. जोरात."

मास्तरांनी आधी मनात वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा मनात वाचलं.

"अहो, जोरात!"

"'सदर झाड सरकारी उपयोगाचं ठरलं आहे,'" मास्तर वाचू लागले. "'त्याच्या फांदीलाही कुणी हात लावू नये.'"

काठावर एकच गलका झाला. म्हस्कूने फेटा हवेत उडवला. चतुराबाईने टोपलं उपडं करून फुटाणे वाटले. झोका आणखी उंच गेला.

"पुढं काय लिव्हलंय?" झोक्यावरून सगुणाने ओरडून विचारलं.

"'परतूरच्या मालगाडी लुटीतल्या दोघांना उद्या सकाळी आठ वाजता, सर्व गावासमक्ष, याच फांदीवर एकदम फाशी देण्यात येईल. बायकांनी झोके दुपारनंतर बांधावेत.'"