रिकाम्या हाताने

"यात जाळं चालायचं नाही ताई," टेम्पोवाला काठावर उभं राहून म्हणाला. "कमळाचे देठ बघा की केवढे! जाळं अडकणार, मासे तडफडणार, खवले सोलून निघणार. पाणीच उपसावं लागेल."

"मग लाव मोटर," नवरा म्हणाला.

नवरा म्हणायचं ते आपलं सवयीने. कोर्टाने गेल्याच महिन्यात तो प्रश्न निकालात काढला होता. घर आणि तळं तिचं. तळ्यातले कोई जातीचे मासे त्याचे, कारण विकत त्याने आणले होते. केवढी सरळ वाटणी! त्याच्या नव्या बायकोला अंगणात रंगीत मासे हवे होते म्हणे. तिच्यासाठी सिमेंटचं तळंही बांधून तयार होतं.

मोटर लावली की काय होणार, हे तिला दिसत होतं. गुडघाभर गाळात माणसं उतरणार, कमळाचे कंद तुडवणार, काठची लव्हाळी उपटली जाणार. इथली एकेक मुळी तिने स्वतःच्या हाताने रोवली होती. नवऱ्याने इतक्या वर्षांत कधी पायाचा अंगठा भिजवला असेल तर शपथ! आणि एवढं करून मासे चिखलातून ओढून काढणार ते काढणारच.

"थांबा," ती म्हणाली. "मी बोलावते त्यांना."

टेम्पोवाला हसला. "मासे काय कुत्री आहेत ताई, हाक मारल्यावर यायला?"

नवरा हसला नाही. त्याला ठाऊक होतं. त्यानेच परवा फोन करून साळसूदपणे सांगितलं होतं, "आता काही खायला घालू नकोस त्यांना. भरल्या पोटी प्रवासात पाणी घाण करतात." तिनेही ते मुकाट्याने ऐकलं होतं. दोन दिवस मासे तिच्या सावलीमागून काठाकाठाने आ वासून फिरत राहिले, तेव्हा ती मागच्या दाराने ये-जा करू लागली. दुसरं काय करणार?

ती दगडावर बसली. तळहाताने पाण्यावर हलकेच थापटलं. पानं हलली. सगळ्यांच्या आधी हावरट आला, पिवळाधमक. नाव उगीच नव्हतं ठेवलं त्याचं. त्याने तिची बोटं तोंडात धरली आणि चोखू लागला. हातात काहीच नव्हतं. टेम्पोवाल्याने खालून टब सरकवला आणि पाण्यासकट त्याला उचललं.

धडपड झाली, पाणी उडालं, बाकीचे सगळे पानांखाली पसार झाले. बरं झालं, तिला वाटलं. आता यायचे नाहीत. एवढी तरी अक्कल असेल मेल्यांना.

पाणी निवळल्यावर तिने पुन्हा थापटलं. आणि ते आले. एकामागोमाग एक येत राहिले, त्याच हाताशी. टेम्पोवाला आता हसत नव्हता. टब सरकवताना तो तिच्याकडे बघायचंही टाळत होता.

"मोठी राहिली अजून," नवरा मागून म्हणाला. "जोरात थापट ना जरा."

मोठी म्हणजे थोरली. पांढरी, पाठीवर लाल पट्टा असलेली, तळ्यात सगळ्यांच्या आधी आलेली. 'येऊ नकोस गं,' ती मनातल्या मनात म्हणत होती. 'जरा शहाणी हो.' हात मात्र थापटत होता. थोरली संथपणे वर आली आणि नेहमीसारखी तिच्या मनगटावर हनुवटी टेकून थांबली. मग तिने एकेक बोट चोखून पाहिलं. काही मिळालं नाही, तेव्हा पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली. टब खाली आला तेव्हाही थोरलीचं तोंड तिच्या करंगळीला लागलेलं होतं.

टब टेम्पोत चढले. हवेच्या नळ्या बुडबुडू लागल्या. टेम्पोवाल्याने झाकणं लावली, नवऱ्याने वरून दोरी बांधली. काम फत्ते झालं तसा त्याचा आवाज एकदम लोण्यासारखा मऊ झाला.

"ऐक ना. सुरुवातीचे काही दिवस तिकडे येऊन जाशील? संध्याकाळी, पाच मिनिटं. नव्या जागी बावरतील गं ते. तिच्या हाताची सवय होईपर्यंतच फक्त."

ती दगडावरून उठली. ओला हात कपड्याला पुसत टेम्पोपाशी आली आणि कितीतरी दिवसांनी तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तुला किती दिवस लागले होते रे?"

टेम्पोवाला खाकरला आणि पुढे जाऊन बसला. नवऱ्याने घट्ट बसलेली गाठ सोडली, आणि पुन्हा बांधायला घेतली.