पोटदुखी

ट्रॅकवरच्या सर्वांत वेगवान फेरीचा विक्रम बारा वर्षं मेकॅनिकच्याच नावावर होता. तो मोडायला निघालेल्या लेकीने आपल्या मसल कारचं इंजिन बापाच्याच हाती दिलं. "बाबा, सरळ रस्त्यावर सुसाट पळते, पण वळणावर ऑइल एका बाजूला जातं आणि इंजिन कोरडं पडतं."

वळणावरही ऑइल धरून ठेवणारा खोल ऑइल पॅन बसवताना त्याच्या मनात आलं, जुनाच पॅन राहू दिला तर? मग स्वतःचीच लाज वाटून त्याने बोल्ट आवळले.

विक्रम दीड सेकंदाने मोडला. लोक त्याचंही अभिनंदन करत होते आणि तो आतून जळत होता.

लेकीने हेल्मेट काढलं. "पोटात दुखतंय ना, बाबा?"

"खोटं कशाला बोलू? दुखतंय."

"मग आता तरी तुमच्या गाडीवरचं कव्हर काढा. एकटीने फेऱ्या मारून कंटाळलेय मी."