रेघ जागेवर आहे

“पुन्हा आला,” चंद्रप्रकाश म्हणाले.

पिकअप कांजूरच्या गल्लीतल्या गतिरोधकावरून उतरली आणि पुढच्या डाव्या चाकापाशी खट्ट वाजलं. मागच्या सीटवर बसलेल्या वनमालाने डोळे मिटून घेतले. स्टेअरिंगवर शेर्विन होता. त्याने कपाळावर हात मारला.

“काका, वाट लागली यार. आता बदलायचं राहिलंय तरी काय?”

गाडी सुयोगची. त्यांच्या एकुलत्या एक पोराची. आधीच्या मालकाने चार इंच उचललेली, ट्रॅक्टरसारखी चाकं लावलेली ती जुनी पिकअप त्याने हौसेने घेतली. दोन पावसाळे डोंगरात फिरवली, आणि साध्या तापाचं निमित्त होऊन पोरगा गेला. देवाला तरी काय म्हणावं! गाडी राहिली, थेट खिडकीसमोर.

चंद्रप्रकाशांनी बसडेपोत फिटर म्हणून हयात घालवली होती. गाडी विकायची, पण दुखणेकरी गाडी कुणाच्या गळ्यात मारायची नाही, हा त्यांचा हट्ट. “सुयोगचं तेवढं एक काम राहिलंय. ते झालं की मी सुटलो,” असं ते म्हणाले होते.

तो ‘सुटलो’ वनमालाच्या काळजात रुतून बसला होता. जन्मभर नवऱ्याच्या तोंडून तिने नट सुटलेले ऐकले होते, माणूस कधी नाही.

खरं तर दुखणं पहिल्याच झटक्यात सापडलं होतं. जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवलं, तर चाकाचा सांधा, बॉल जॉइंट, ढिला निघाला. शेर्विनने नवा बसवला. शेर्विन म्हणजे सुयोगचा जिगरी दोस्त, मरोळला त्याचं गॅरेज. गाडी गप्प झाली. चंद्रप्रकाशही थकून पडले. जेवण नको, रक्तदाबाची गोळी नको. आणि मग, दोन दिवसांत, खट्ट! झालं. माणूस उठला तो चटई घेऊन थेट गाडीखाली शिरला.

तेव्हापासून घराला दुसरा विषय नव्हता. आधी बूश बदलले, मग शॉक बदलले, मग टाय रॉड. दरवेळी काम करायचं तर चाकामागची लिंक, म्हणजे आखूड जोडदांडी, सोडावी लागे आणि शेवटी परत कसावी लागे. कसली, की चंद्रप्रकाश तिच्या नटावर आणि बोल्टावर मिळून एक पांढरी रेघ ओढत. डेपोतली जुनी सवय. रेघ तुटलेली दिसली तर समजावं नट हलला.

दरवेळी आवाज जाई. दरवेळी परत येई.

“लिंकच तर नाही ना, काका?” शेर्विनने एकदा विचारलंही होतं.

“रेघ बघ. जागेवर आहे.” विषय संपला. आईच्या शपथेपेक्षा त्या माणसाचा रेघेवर विश्वास.

“हे असं वाजताना चाक निखळायचं नाही ना रे?” वनमालाने तेव्हा घाबरून विचारलं होतं. “ह्यातलं काय सुटलं तर जीवाला धोका?”

“बॉल जॉइंट, काकू. तो तर नवा आहे. ही लिंक सुटली ना, तर नुसती बोंब मारते. जीव जायचा नाही कुणाचा.”

शेजारची शकु येता-जाता म्हणायची, “वनमाला, ही गाडी तुझा संसार गिळणार गं. भंगारात घाल एकदाची.” सकाळी गाडी फेरीला निघाली, की वनमालाचा सगळा जीव कानांत गोळा व्हायचा.

आज आवाज आला तसा शेर्विन जाऊन दोन्ही बाजूंचे लोअर आर्म, चाक पेलणारे दांडे, सबंध नवे घेऊन आला. “हे शेवटचं, काका. यानंतर बदलायला फक्त ड्रायव्हर उरतो.” दुपारपर्यंत दोघं गाडीखाली होते. लिंक कसली गेली, रेघ ओढली गेली. गतिरोधकावरून तीन फेऱ्या मारल्या. चिडीचूप.

वनमाला ढसढसा रडली.

“रडता काय, काकू? पेढे वाटा! रविवारी नाशिकचं गिऱ्हाईक येतंय,” शेर्विन म्हणाला.

चंद्रप्रकाशांनी हात धुतले आणि आपली पान्यांची पिशवी त्याच्यापुढे ठेवली. “घेऊन जा. मला आता काय करायच्यात?” मग सवयीने आत बोटं फिरवून ते थबकले. “सतरा नंबरचा अजून सापडला नाही काय गं?”

“असेल कुठे. मला काय कळतंय त्यातलं?”

“आणि हात कसले काळे तुझे?”

“कच्ची केळी सोललीत. भाजी केलीय, तुमच्या आवडीची.”

भाजी त्यांनी खाल्ली नाही. शेर्विन गेला, तसे ते आत जाऊन आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं. वनमाला तळहातावर गोळी घेऊन उभी राहिली.

“घ्या ना हो. माझ्यासाठी तरी घ्या.”

“कशाला उगाच गाडा ओढायचा?” ते भिंतीलाच म्हणाले. “सुटलो गं मी.”

तिने गोळी परत डबीत टाकली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि सतरा नंबरचा पाना बाहेर काढला. गल्ली दुपारची पेंगत होती. चटई टाकून ती गाडीखाली सरकली, डाव्या लिंकचा नट धरला आणि उलटा फिरवला, पूर्ण एक फेरा, मग दुसरा, पांढऱ्या रेघेला पांढरी रेघ बरोब्बर भिडेपर्यंत. बाहेर येऊन तिने गाडीच्या पायरीवर उभं राहून ती जोरात हलवली. खट्ट. मग पाना कमरेला खोचून तिने पदर ओढून घेतला आणि खिडकीशी तोंड नेऊन हाक मारली, “अहो, उठा बघू. पुन्हा आला हो.”