किडे अजून गप्प आहेत

मशीनमननी झाडाखाली दोन खुर्च्या मांडल्या, एकीवर स्वतः बसले आणि वर बघत राहिले. आजचा नववा दिवस. खोडावर, फांद्यांवर, कुंपणाच्या तारेवर किडेच किडे, लाल डोळ्यांचे आणि अंगठ्याएवढे. पुस्तकात त्यांना सिकाडा म्हणतात. सतरा वर्षं जमिनीखाली काढायची आणि मग सगळ्यांनी मिळून एकदम वर यायचं, अशी त्यांची रीत. वर आले की चार-पाच दिवस गप्प बसतात, मग सुरू होतात. हे मशीनमनना मागच्या वेळेपासून पाठ होतं. पण नऊ दिवस झाले तरी यांनी तोंड उघडलं नव्हतं.

निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी गल्ली त्यांना मशीनमनच म्हणायची. छापखान्यात मोठ्या मशीनवर त्यांनी चाळीस वर्षं काढली. तिथल्या धडधडाटात कुणी कुणाचं ऐकायच्या भानगडीत पडत नसे. ओठ बघायचे, हात बघायचे, कळायचं. साहेबांनी पाठमोरं होऊन दिलेल्या शिव्या कधी कुणाला लागल्या नाहीत.

मागच्या वेळी किडे आले तेव्हा घराचाच छापखाना झाला होता. ओठ वाचणं काही बायकोला जमेना. मग ती जवळ यायची, खांद्यावर हात ठेवायची आणि कानाला तोंड लावून सांगायची, "अहो, गॅस संपत आलाय." नाहीतर, "वरचे भाडेकरू खोली सोडताहेत." गोष्टी साध्याच होत्या. पण लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर बायकोनं दिवसातून दहा वेळा असं कानाशी लागावं, हे मशीनमनना भलतंच आवडलं होतं. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही. पाच आठवड्यांनी किडे गेले आणि ती पुन्हा स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगायला लागली.

"पुढच्या वेळी झाडाखाली दोन खुर्च्या टाकून बसू," तेव्हा ती म्हणाली होती. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली. मशीनमनना तिची आठवण यायची ती डाव्या कानात. म्हणून ते रोज सकाळी खुर्च्या टाकून बसत होते. निदान तो आवाज तरी यावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

दार उघडून सून बाहेर आली. तिची नोकरी फोनवर बोलायची, घरूनच. गेले चार दिवस ती बाथरूमचं दार लावून, बादली उपडी घालून तिच्यावर बसून काम करत होती. मशीनमननी त्याबद्दल काही विचारलं नव्हतं. हल्लीच्या नोकऱ्यांचं आपल्याला काय कळतंय, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं.

"वैताग आणलाय मेल्यांनी," ती समोर येऊन म्हणाली.

"कचरा फार करतात खरा," मशीनमन म्हणाले. "मी झाडून काढतो संध्याकाळी. पण यंदा काय बिनसलंय कुणास ठाऊक. अजून एकानं आवाज काढलेला नाही."

सून हसली. सासऱ्यांचा तिरकसपणा तिच्या सवयीचा होता. पण ते हसत नव्हते. ते झाडाकडे बघत होते, एखाद्या न आलेल्या गाडीची वाट बघावी तसे.

त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरवर एक किडा बसला होता. कानापासून चार बोटांवर. त्याचं पोट थरथरत होतं आणि त्याचा आवाज सुनेच्या डोक्यात भोकं पाडत होता. मशीनमननी मानही हलवली नाही.

तेवढ्यात दुसरा एक किडा तिच्या तोंडावरच झेपावला. तिनं तोंडाशी हात धरला आणि हातामागूनच विचारलं, "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाहीये का?"

"हात काढ आधी," मशीनमन म्हणाले. "काय म्हणतेस ते दिसत नाही."

बोलले आणि थांबले. आपण काय बोललो हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. त्यांनी कॉलर चाचपली, तिथला किडा चिमटीत धरला आणि कानाला लावला. गुदगुल्या झाल्या. मग दुसऱ्या कानाला लावला. शेवटी त्यांनी त्याला जपून खोडावर ठेवलं आणि हात मांडीवर घेतले.

"किती दिवस झाले ओरडताहेत?" त्यांनी विचारलं.

सुनेनं चार बोटं दाखवली.

"जोरात?"

तिनं मान डोलावली. त्यांचा चेहरा तिला बघवेना. काहीतरी बोलायला हवं होतं आणि समोरून बोलणं आता तिच्या जिवावर आलं. ती त्यांच्या बाजूला गेली, खाली वाकली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि डाव्या कानाला तोंड लावून मोठ्यानं म्हणाली, "बाबा, आत चला. मी दूध तापत ठेवून आलेय."

मशीनमननी डोळे मिटले.

"उतू जाईल," ती तशीच कानात म्हणाली.

"जाऊ दे," ते म्हणाले. "अजून सांग. घरातलंच काहीतरी."

त्यांनी रिकामी खुर्ची ओढून आपल्या खुर्चीला चिकटवली. ती बसली, तेव्हा त्यांनी तिच्या ओठांकडे बघितलं नाही. चेहरा झाडाकडे वळवला आणि कान पुढे केला.