सोमवारी सुरू व्हायचं काम

नवऱ्याचे हात लाकूड चिकटवायच्या सरसाने भरलेले होते, म्हणून फोन तिने धरला आणि स्पीकर लावला. कडेवर बाळ.

"तर तो स्वयंपाकघराचा विषय आपण थांबवू या," व्याही म्हणाले. व्याही म्हणजे तिच्या धाकट्या नणंदेचे सासरे. "एका ओळखीच्यांकडे तयार कपाटं मिळताहेत. सकाळी येतात, संध्याकाळी बसवून जातात. तुम्हालाही उगाच ताप नको."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीकडे पाहत होती. तिथे त्याच स्वयंपाकघराची कपाटं उभी होती, अर्धी जोडलेली. व्याह्यांच्या घराची एक भिंत तिरकी, म्हणून प्रत्येक फळी एका बाजूला निमुळती कापलेली. दुसऱ्या कुठल्याही घरात ती बसली नसती. वरचे कप्पे तर सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, मुद्दाम चार बोटं खाली घेतले होते. "बुटकी आहे आमची धाकटी. स्टुलावर चढून पडायची एखाद्या दिवशी." घरातली होती नव्हती ती शिल्लक त्या लाकडात गेली होती, आणि या कामापायी शाळेच्या बाकांचं काम परत केलं होतं.

"पण काका, सह्या झाल्यात," नवरा म्हणाला.

"झाल्यात की. तुमच्या घरच्या सूनबाईंनीच करून घेतल्या. नात्यात कागद करणारं तुमचं पहिलंच घर." ते हसले. "त्याच कागदात आहे ना, काम सुरू झाल्यावर रद्द करता येणार नाही म्हणून? पण काम सोमवारी सुरू व्हायचंय. आज शुक्रवार."

ते कलम तिनेच घातलं होतं, घरातल्या सगळ्यांनी नाकं मुरडली तरी. सोमवारही तिनेच लिहिला होता. पण बाबांना दम धरवला तर ना. लेकीचं काम म्हटल्यावर लाकूड आलं त्याच दिवशी त्यांनी कटर लावला. तिलाही वाटलं होतं, लवकर सुरू झालं तर बरंच, बिघडतंय काय.

'सांग,' तिने नुसते ओठ हलवले. 'सुरू झालंय म्हणून सांग.'

त्याने तोंड उघडलं.

"थांबा, तुमच्या बहिणीलाच देतो," व्याही म्हणाले. "ती सांगेल काय ते."

तिकडे फोन या हातातून त्या हातात गेला. मागे कुणीतरी खुर्ची ओढली.

"दादा, कसा आहेस?"

धाकटी असं कधीच विचारत नसे. तिचा फोन म्हणजे आधी वहिनीची खोडी, मग भावाची, मग 'त्या लाडूच्या कानाला लाव बघू' म्हणत बाळाशी गप्पा. आज ती वाचून दाखवल्यासारखी बोलत होती.

"बरा आहे. तू?"

"मी छान आहे." ती थांबली. "तू सुरुवात केली नसशीलच. मी सांगितलंय इथे सगळ्यांना. माझा दादा शब्दाचा पक्का, सोमवार म्हणजे सोमवार. नाही ना केलीस?"

धाकटीभोवती ते 'सगळे' कुठे कुठे बसले असतील, ते हिला इथून दिसलं.

नवरा आपल्या हातांकडे पाहत राहिला. सरस बोटांवर वाळायला लागला होता.

"नाही गं," तो म्हणाला. "अजून फळीला हात लावला नाही."

तेवढ्यात मागच्या खोलीत कटर सुरू झाला. बाबा कानात कापूस घालून काम करत, त्यांना कशाचाच पत्ता नव्हता.

"तो आवाज कसला?" व्याह्यांचा आवाज. म्हणजे तिकडेही स्पीकर लावलेला होता.

नवऱ्याने मागच्या दाराकडे पाहिलं. बाळाने फोनसाठी हात पुढे केला. तिच्या मनात आलं, आता नुसतं गप्प बसलं तरी पुरे. भांडायला नको, खोटं बोलायला नको. कटरच सांगेल. कागद आपल्या बाजूने, काम आपल्याकडे.

फोनमधून धाकटीचा श्वास ऐकू येत होता.

"मिक्सर आहे, काका," फोन तोंडाशी धरून वहिनीच म्हणाली. "बाळाचं जेवण वाटायला लावलाय."

"बदला तो," व्याही म्हणाले. "लाकूड कापल्यासारखा ओरडतोय."

फोन बंद झाला.

नवरा जागचा हलला नाही. मग तीच बाळाला घेऊन मागच्या खोलीत गेली. तिला दारात पाहून बाबांनी कटर थांबवला आणि एका कानातला कापूस काढला.

"धाकटीचा फोन होता," ती म्हणाली.

"मग मला का नाही दिलास? काय म्हणते?"

पुढचं वाक्य तिने दोनदा मनात जुळवलं. दोन्ही वेळा मोडलं.

"मजेत आहे ना?" बाबांनीच विचारलं.

"छान आहे म्हणाली."

"मग झालं तर." त्यांनी कापूस परत कानात घातला आणि पुढची फळी ओढली. "बाळाला घेऊन आत जा. डोळ्यांत भुसा जाईल."

ती गेली नाही. तिने बाळाच्या डोळ्यांवर हात धरला आणि तिथेच उभी राहिली.

बाबांनी कटर लावला.