एक्केचाळिसावी खोली

चार दिवस झाले तरी एक्केचाळिसावी खोली सुटली नव्हती. बाईंनी सकाळपासून सहाव्यांदा यादी उघडली. चाळीस खोल्यांपुढे हिरवी खूण, हिच्यापुढे काहीच नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर गणिताच्या या बाई हट्टानं वाचनालयातल्या संगणकाच्या क्लासला जाऊन बसल्या आणि त्यांनी घरच्या घरी कोड्यांचा एक खेळ बनवला. बंद खोली, एक दिवा, काही आरसे. आरसे फिरवून उजेड दारापर्यंत नेला की दार उघडतं. खेळणारी एकच, त्यांची मुलगी. खेळातलं तिचं नाव खारू, पासवर्डही खारूच. घरात तिला तेच म्हणत.

दोन वर्षांपूर्वी मुलीची लांब बदली झाली, तेव्हा बाई परस्पर तिच्या साहेबांना भेटून बदली रद्द करा म्हणून सांगून आल्या. तिला ते कळलं. "फोन करू नकोस, काही लिहू नकोस," एवढं बोलून ती गेली ती गेलीच. बाईंनी फक्त खेळाची लिंक पाठवली. तीन आठवडे खूण उमटली नाही, बाईंचं अन्नावरचं मन उडालं. मग एका दुपारी पहिली खोली सुटली. तेव्हापासून बाई अधूनमधून नवी खोली बांधत आणि ती एक-दोन दिवसांत सुटे. लेक धडधाकट आहे, हे कळायला तेवढं पुरे होतं.

आता चार दिवस काही नाही. एकटी राहते, तापानं फणफणली तर पाणी कोण देणार? बाईंच्या जिवाला घोर लागला.

घरात एक आजारी होताच. बाईंचे यजमान मोतीबिंदूचं ऑपरेशन करून, डोळ्याला पट्टी बांधून आरामखुर्चीत पडले होते. त्यांना सगळे गार्डसाहेब म्हणत. सारी नोकरी आगगाडीच्या शेवटच्या डब्यात गेलेली, घरच्या संगणकाला ते कधी हात लावत नसत. रोज दुपारी वाचनालयात जायचे, तेही डॉक्टरांनी बंद केलेलं. बाईंची घालमेल ऐकून ते स्वतःच कासावीस झाले होते.

"आठवडाभर थांब की," ते म्हणाले. "कामात असेल पोर."

"आठवडाभर? तोवर मी वेडी होईन."

"मग खोली सोपी कर. तो कोपऱ्यातला आरसा एकदा फिरला की मागे येत नाही. अडकणार नाही तर काय?"

बाईंना ते पटलं. त्यांनी लगेच चाल मागे घेण्याचं बटण बसवलं. खूण उमटली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाट दाखवणारा काजवा सोडला. तरीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी दारापलीकडे एक चौकट केली, खोली सोडवणाऱ्याला एक-दोन ओळी लिहिता याव्यात म्हणून. ते करतानाच त्यांचा धीर सुटला. त्यांनी फोन उचलला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मुलीला निरोप लिहिला: बोलू नकोस, फक्त एक्केचाळिसावी खोली सोडव, म्हणजे तू बरी आहेस एवढं कळेल.

निरोप गेल्यावर त्यांनी यजमानांना सांगितलं. गार्डसाहेब खुर्चीत ताठ बसले.

"पाठवलास? मला विचारायचं तरी."

"आपल्याच मुलीला निरोप पाठवायला परवानगी कसली?" बाई चिडून म्हणाल्या. गार्डसाहेबांचा पाय सारखा हलत राहिला. बापाचं काळीज दगडाचंच असतं, असं बाईंच्या मनात आलं.

दुपारी चार वाजता हिरवी खूण उमटली.

बाईंना रडू फुटलं. जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते त्यांना तेव्हा कळलं. "सुटली हो खोली," त्या म्हणाल्या.

"कोणी सोडवली?" गार्डसाहेबांनी विचारलं.

"कोणी म्हणजे काय? खारूनं. थांबा, चौकटीत काहीतरी लिहिलंय तिनं."

त्यांना वाचता येणार नाही म्हणून बाईंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं:

"आई, मी बरी आहे. तुझा खेळ मी आज पहिल्यांदाच उघडला. माझ्या नावानं आधीच्या चाळीस खोल्या कोणी सोडवल्या?"