हॉलवाला अडकते

“काका, इथं तर अठ्ठ्याण्णवचा स्पीड येऊन राहिला. आमच्या ऑफिसातही इतका येत नाही,” स्टुलावर उभ्या अंकितने मोबाइल खाली धरून आकडा दाखवला.

महादेवरावांनी चष्मा लावून पाहिलं आणि मान हलवली. महिन्याभरात इंटरनेटवाला चौथ्यांदा आला होता. कुठल्या आकड्याला कशी मान हलवायची, हे त्यांना आता जमू लागलं होतं.

तक्रार एकच होती. वाडीतल्या या घरात दिवाळीला मुलाने, ऋषिकेशने, दोन कॅमेरे बसवले. एक गेटवर, एक हॉलमध्ये. दोन्हींचं चित्र कपाटावरच्या डीव्हीआरमध्ये साठायचं आणि तिथून इंटरनेटने ऋषिकेशच्या मोबाइलवर जायचं. त्याची नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मिहानमध्ये, राहणंही तिकडेच. वाडीहून अर्ध्या-पाऊण तासाची वाट. कॅमेरे बसल्यापासून तेवढीही तुडवायची गरज उरली नव्हती. फक्त हॉलचं चित्र मधूनच अडकायचं. मग फोन यायचा.

“बाबा, चित्र अडकलं. राउटर बंद करून चालू करा.”

“करतो. जेवला का तू?”

“हो. लवकर करा, मीटिंग आहे.”

एवढंच. एकदा मात्र वायफायचा पासवर्ड सांगताना, कुठलं अक्षर मोठं आणि कुठलं लहान यात, साडेचार मिनिटं गेली होती. बायको वारल्यापासून बापलेकांचं एवढं लांब बोलणं ते एकच.

अंकित खाली उतरला. शर्ट पाठीला चिकटला होता. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं, आत पंखा बंद.

“पंखा लावू का काका? जीव चालला माझा.”

“नको गा. हवेनं सांधे धरते.”

“मंग खिडकी तरी?”

“ट्रकांची धूळ येते.”

अंकितने कपाळ पुसत हॉलभर नजर फिरवली. भिंतीवरचं घड्याळ पावणेसातवर थांबलेलं. कॅलेंडर चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून बसवलेलं. एकट्या माणसाचं घर असंच होते, असं काहीसं त्याच्या तोंडावर आलं आणि त्याने ते गिळलं.

“चित्रावरची तारीख-वेळ तुमी मागच्या खेपेले काढाले लावली काका. राहू द्याची होती.”

“डोक्यावर आकडे नाचते बाबू. ऑटोचं मीटर चालू असल्यावानी वाटते.”

“मले एक समजत नाही. गेटवाला कधीच अडकत नाही, हॉलवालाच अडकते. डीव्हीआर एक, लाइन एक. कॅमेराही बदलून पाह्यला. अन् साहेब चार वाजता चहाच्या सुट्टीत पाहते, तवाच कसा अडकते?”

“चारले माझंही डोकं अडकते,” महादेवराव म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

साखर स्टीलच्या डब्यात होती. डब्यावर गणेश मंडळाचं नाव कोरलेलं. त्याच्याच वर, भिंतीवर, जुना फोटो: सजीव देखाव्यात भाला धरून उभा द्वारपाल.

“हे तुमी?”

“मंग कोण? तीन तास उभा होतो. नाकावर माशी बसली, तरी हललो नाही. मंडळानं हा डबा देला.”

“आमच्याच्यानं तीन मिनिटं होत नाही,” अंकित हसला आणि ऋषिकेशला फोन लावून स्पीकर सुरू केला. महादेवराव त्याच्या हाती चहा देऊन सरळ बसले.

“साहेब, स्पीड बरोबर आहे. कॅमेऱ्याले डाउनलोडचं काम नाही, अपलोड लागते. म्हंजे घरातलं जे बाहेर जाते ना, ते.”

“मंग तेच पाह्य,” महादेवराव मध्येच म्हणाले. “या घरातून जाणंच जास्त आहे.”

“आत्ता शंभरचा प्लॅन आहे ना? तीनशेचा टाका,” ऋषिकेश म्हणाला.

“अरे, पन्नासचाच कर. दोन कॅमेऱ्यांले कायले पाह्यजे तीनशे?”

“काका बरोबर बोलून राहिले साहेब. तीनशे म्हंजे सायकलसाठी समृद्धी महामार्ग.”

“टाका म्हटलं ना. आणि डीव्हीआर वायफायवर नको, राउटरपासून सरळ वायर ओढा. मला हे कायमचं संपवायचंय.”

‘कायमचं’ हा शब्द महादेवरावांनी मनात दोनदा म्हणून पाहिला. चित्र अडकलं नाही, तर याने फोन तरी कशाला करावा?

“ऋषी, माझ्या नातीची, भूमिकाची परीक्षा...”

“झाली बाबा. अंकित, तुमचा नंबर मला पाठवून ठेवा.”

फोन बंद झाला. अंकितने भिंतीच्या कडेने वायर ओढली, खिळे ठोकले, नवा प्लॅन सुरू करून दिला. निघाला तेव्हा चारला वीस मिनिटं कमी होती.

“आता नाही अडकत काका. माझी गॅरंटी.”

महादेवरावांनी दार लावलं. खिडकीची कडी चाचपली. स्वतःसाठी अर्धा कप चहा गाळला आणि त्यातली वाफ पार जाईपर्यंत ओट्याशी उभे राहिले. मग हॉलमध्ये येऊन कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत बसले, मोबाइल हाताशी ठेवला, कप ओठांकडे नेला आणि दोन बोटं अंतरावर असतानाच थांबवला.

पापणी हलली नाही. माशी आली, नाकावर बसली, कंटाळून उडून गेली. ते मनात मोजत होते. दोनशे एकतीसला फोन वाजला.

महादेवराव हलले.

“बोल बेटा.”

“काका, अंकित बोलून राहिलो. साहेबांचा फोन आलता, अडकलं म्हणे पुन्हा. दर वेळेस तुमाले काहून तरास द्याचा, म्हणून ते आता मलेच लावत जाणार आहेत.”